जागलीवर फोन रात्रभर टिकवायचा असेल तर आधी अ‍ॅप्स ढकलणं थांबवा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. फोन दोन वर्षांचा आहे, बॅटरी ५००० एमएएचची. दिवसातून पंधरा-वीस वेळा तुम्ही चौकोनाचं बटण दाबून सगळी अ‍ॅप्स वर ढकलता, शिवाय बॅटरी वाचवणारं एक अ‍ॅपही टाकलं आहे. तरी सकाळी शंभर टक्के असलेला फोन संध्याकाळी जागलीला, म्हणजे पिकाच्या रात्रीच्या राखणीला, निघेपर्यंत चाळीसवर येतो आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी बंद पडतो. बॅकग्राउंडची अ‍ॅप्स नेमकी कशी बंद करायची, कोणती बंद करायची आणि बॅटरीच बदलावी का, असं तुम्ही विचारलंत.

तुमचं वावर टिपेश्वरच्या जंगलाला लागून आहे, म्हणून मी हे उत्तर घाईत देत नाही. तुरीला दाणा भरला की रोही (नीलगायी) आणि रानडुकरं येतात, माणूस रात्रभर मचाणावर एकटा असतो, आणि त्या भागात वाघ फिरतो हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. अशा ठिकाणी फोन बंद पडला की घरच्या माणसांना झोप लागत नाही. मी चौदा वर्षांपासून तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आठवडी बाजाराच्या दिवशी ‘बॅटरी टिकत नाही’ म्हणून जे फोन माझ्या टेबलावर येतात, त्यांतले बरेच बॅटरी न बदलताच दुरुस्त होऊन परत जातात.

पहिली गोष्ट म्हणजे ते ढकलणं आजपासून सोडा.

चौकोनाचं बटण दाबल्यावर जी पानं दिसतात, ती चालू असलेल्या अ‍ॅप्सची यादी नाही. तुम्ही अलीकडे काय काय उघडलं, एवढंच ती सांगते. त्यातली बरीच अ‍ॅप्स केव्हाच झोपलेली असतात. काही तर अँड्रॉइडने स्वतःच मेमरीतून काढलेली असतात, फक्त त्यांचं चित्र मागे राहिलेलं असतं. जी मेमरीत आहेत त्यांनाही काही काम नसतं, ती नुसती पडून असतात. आणि ही मेमरी, म्हणजे रॅम, भरलेली असो की रिकामी, तिला वीज जवळपास तेवढीच लागते. म्हणून ‘रॅम मोकळी झाली’ असं फोनने दाखवलं तरी बॅटरीला त्याचा फायदा नाही.

विहिरीवरची मोटर आठवा. पाइप भरलेला असला की बटण दाबताच पाणी येतं. फूटव्हॉल्व्ह गळका असला तर दर वेळी पाइपात पाणी ओता, हवा काढा, मग कुठे मोटर पाणी उचलते. ढकललेलं अ‍ॅप परत उघडलं की फोनला तसंच सगळं पहिल्यापासून करावं लागतं: साठवणीतून सगळा माल मेमरीत आणायचा, सर्व्हरशी पुन्हा जोडणी करायची, पडदा नव्याने रंगवायचा. या कामाला प्रोसेसर पूर्ण जोर लावतो. व्हॉट्सअ‍ॅप तुम्ही दिवसातून तीस वेळा उघडणारच आहात, मग मधल्या वेळी त्याचा पाइप रिकामा करून काय मिळालं? २०१६ साली आयफोनच्या एका ग्राहकाने अ‍ॅपलला हाच प्रश्न विचारला होता. त्यांच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी याची गरज नाही असं कळवलं, आणि पाठोपाठ गूगलमध्ये अँड्रॉइडची जबाबदारी सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही तेच सांगितलं.

एखादं अ‍ॅप अडकलं असेल, नकाशा रस्ता सांगत राहिला असेल किंवा गाणं मागे वाजत असेल, तर तेवढं एक जरूर ढकला. बाकीची राहू द्या.

आणि ते बॅटरी वाचवणारं अ‍ॅप आज रात्रीच काढून टाका. ते दर काही मिनिटांनी जागं होतं आणि दुसऱ्या अ‍ॅप्सना मारतं. त्यांतली काही लगेच परत उठतात, मग हे पुन्हा मारतं. फोनच्या पोटात ही मारामारी दिवसभर चालते आणि तिचं बिल बॅटरी भरते. वरून ते जाहिराती दाखवतं, त्यासाठीही डेटा ओढतं. अँड्रॉइडमध्ये हे काम करायला स्वतःची यंत्रणा आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन चार्जरवर नसेल, पडदा बंद असेल आणि फोन हलत नसेल, तर तो हळूहळू गाढ झोपेत जातो. मग अ‍ॅप्सना ठरावीक वेळेलाच थोडं काम करू देतो आणि त्या वेळांमधलं अंतर वाढवत नेतो. पुढच्या वर्षी, अँड्रॉइड ७ मध्ये, खिशात हलत असतानाही हलकी झोप घेण्याची सोय आली. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून तुम्ही कोणतं अ‍ॅप रोज वापरता आणि कोणतं महिन्यातून एकदा, हे फोन स्वतः शिकतो आणि क्वचित लागणाऱ्या अ‍ॅपला कमी उठू देतो. आपल्याला या झोपेत खोडा घालणारे तेवढे शोधायचे आहेत.

ते शोधण्यासाठी मी गिऱ्हाइकाला तीन रात्रींची परीक्षा करायला लावतो. याला एक पैसा लागत नाही आणि माझ्या अनुभवात इतकी खरी माहिती दुसरं काहीच देत नाही. जागलीची पाळी नसेल अशा तीन रात्री निवडा. रोज रात्री दहाला फोन साधारण सारख्याच टक्क्यांवर असताना चार्जरवरून काढा, आकडा कागदावर लिहा, फोन एका जागी ठेवा आणि सकाळी सहापर्यंत हात लावू नका. पहिल्या रात्री फोन नेहमीसारखाच ठेवा. दुसऱ्या रात्री फक्त मोबाइल डेटा बंद करा. तिसऱ्या रात्री विमानाचं चिन्ह दाबून एअरप्लेन मोड लावा. ५००० एमएएचमध्ये एक टक्का म्हणजे ५० एमएएच. चांगला फोन नुसता पडून असताना तासाला अर्धा ते एक टक्का खातो, म्हणजे आठ तासांत चार ते आठ टक्के. इतकंच गेलं असेल तर तुमची बॅकग्राउंड अ‍ॅप्स ठीक आहेत आणि खर्च दिवसाच्या वापरातला आहे, मुख्यतः पडद्याचा.

पण पहिल्या रात्री पंचवीस टक्के गेले आणि डेटा बंद असलेल्या रात्री सहाच गेले, तर दोष अ‍ॅप्सचा: कुणीतरी रात्रभर इंटरनेटवरून काहीतरी ओढतंय. डेटा बंद करूनही वीस गेले आणि एअरप्लेन मोडमध्ये तीनच गेले, तर बॅटरी नेटवर्क खातंय, म्हणजे टॉवर दूर आहे. आणि एअरप्लेन मोडमध्येही वीस गेले तर आतलंच एखादं अ‍ॅप नेटशिवाय जागं आहे किंवा बॅटरी थकली आहे. कारण समजल्याशिवाय सेटिंग्ज बदलत बसलं तर अंधारात काठी मारल्यासारखं होतं. मग एकही वार लागत नाही आणि माणूस कंटाळून नवा फोन घेतो.

तुमच्या गावाचं वर्णन वाचून मला वाटतं की तुमच्याकडे पहिली दोन्ही कारणं एकत्र निघतील. त्यातलं नेटवर्कचं आधी घेतो, कारण शहरात बसून सल्ले लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही आणि खेड्यात तेच सगळ्यात मोठं असतं.

फोन टॉवरशी बोलतो तेव्हा टॉवर जितका दूर, तितक्या मोठ्याने त्याला ओरडावं लागतं. फोरजी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅट ताकदीने लहरी सोडू शकतो. टॉवर जवळ असला तर त्याच्या हजाराव्या भागातही काम भागतं. म्हणून तोच फोन, तीच अ‍ॅप्स यवतमाळला दिवसभर टिकतात आणि वावरात संपतात. दुसरं असं की एखाद्या अ‍ॅपने दोन अक्षरांचा निरोप पाठवला तरी फोनचा रेडिओ त्यानंतर काही सेकंद पूर्ण जागा राहतो, आणखी काही येईल का म्हणून. दहा अ‍ॅप्सनी वेगवेगळ्या वेळी असं उठवलं की रेडिओला झोपच मिळत नाही. आता ही दोन कारणं एकमेकांत मिसळा. बॅकग्राउंडमधलं जे अ‍ॅप तालुक्याच्या गावी निरुपद्रवी असतं, तेच तुमच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बॅटरी पिऊन टाकतं.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा, तिथे सिम स्टेटसमध्ये सिग्नल स्ट्रेंग्थ दिसते. आकडा उणे असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर चांगलं. उणे ११० च्या पलीकडे गेलं की फोनची ओढाताण सुरू झाली समजा. हा आकडा घरी पाहा, वावरात पाहा आणि मचाणावर चढूनही पाहा. मचाणावर तो सुधारतो का, फोन कोणत्या बाजूला टांगला तर सुधारतो, हे एकदा तपासून ठेवलं की कायम उपयोगी पडतं.

मग काय करायचं ते सांगतो. दोन सिम असतील आणि एकाची वावरात रेंजच नसेल, तर सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन ते जागलीपुरतं बंद करा. रेंज नसलेलं सिम सतत टॉवर शोधत राहतं. हे बंद केल्यावर पहिल्याच रात्री फरक पडल्याचं अनेकांनी मला येऊन सांगितलंय. बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येत असेल तर सकाळी परत चालू करायला विसरू नका. फोन फाइव्हजीचा असेल आणि गावात फाइव्हजी कधी येतं कधी जातं असं असेल, तर नेटवर्कचा प्रकार फोरजीवर कायम करा. एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएलचं सिम असेल आणि वावरात टूजीचीच रेंज पक्की असेल, तर रात्रीपुरतं टूजीवर टाकता येतं. फोन लागतात, व्हॉट्सअ‍ॅप जवळपास बंद पडतं. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे त्या सिमवर हे करू नका, कॉलही येणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, मोबाइल डेटाचं बटण बंद केलं तरी फोरजीवरचे साधे कॉल येतात-जातात. पुष्कळ लोकांना डेटा बंद म्हणजे फोनच बंद असं वाटतं, म्हणून ते रात्रभर डेटा चालू ठेवतात.

लाईन गेली की काही वेळाने टॉवरचा बॅकअपही संपतो, आणि मग गावातले सगळे फोन रेंज शोधत सुटतात. टॉवर पूर्ण बसला आहे अशी खात्री झाली तर एअरप्लेन मोड लावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने काढून पाहा.

आता अ‍ॅप्सकडे येतो. सेटिंग्ज, बॅटरी, मग बॅटरी युसेज. इथे अ‍ॅपच्या नावावर बोट ठेवलं की ते पडद्यावर किती वेळ होतं आणि बॅकग्राउंडमध्ये किती वेळ होतं, हे वेगवेगळं दिसतं. टक्क्यांपेक्षा हे दोन वेळ पाहा. यूट्यूब तुम्ही दोन तास पाहिलं आणि त्याने वीस टक्के खाल्ले तर तो तुमचा स्वतःचा खर्च आहे. पण जे अ‍ॅप तुम्ही पाच मिनिटं उघडलं आणि बॅकग्राउंडमध्ये सहा तास चालू होतं, तो चोर. बातम्यांची अ‍ॅप्स, खरेदीची अ‍ॅप्स, पोट्ट्यांनी टाकलेले खेळ, छोटे व्हिडिओ दाखवणारी अ‍ॅप्स, लॉकस्क्रीनवर दर वेळी नवं चित्र आणणारी सेवा, मी पाहतो त्या फोनमध्ये चोर साधारण यांच्यातूनच निघतात. अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा फोन असेल तर वरून पट्टी दोनदा खाली ओढा. तळाशी किती अ‍ॅप्स चालू आहेत हे लिहिलेलं दिसेल. उघडपणे काम करत असलेली अ‍ॅप्स तिथे सापडतात आणि थांबवताही येतात.

चोर सापडला की ज्याची गरजच नाही ते अ‍ॅप सरळ काढून टाका. गरज आहे पण मागे चालायला नको, अशा अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, अ‍ॅप इन्फो, बॅटरी, आणि ‘रिस्ट्रिक्टेड’ निवडा. तिथेच मोबाइल डेटाच्या खाली बॅकग्राउंड डेटा बंद करायचं वेगळं बटण असतं, तेही बंद करा. ‘फोर्स स्टॉप’ मात्र रोजचा उपाय म्हणून वापरू नका. त्याने अ‍ॅप तुम्ही पुन्हा उघडेपर्यंत पूर्ण मरतं, त्याचे निरोपही येत नाहीत, आणि उघडलं की सगळं पूर्ववत.

कंपनीप्रमाणे नावं बदलतात. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या आत ‘बॅकग्राउंड युसेज लिमिट्स’ आहे, तिथे स्लीपिंग, डीप स्लीपिंग आणि नेव्हर स्लीपिंग अशा तीन याद्या असतात. रेडमी-पोकोमध्ये अ‍ॅप इन्फोत ‘ऑटोस्टार्ट’ पाहा. रिअलमी-ओप्पोमध्ये ‘बॅकग्राउंड अ‍ॅक्टिव्हिटी’ आणि ‘ऑटो लाँच’. विवोमध्ये बॅटरीच्या आत बॅकग्राउंडच्या वीजवापराचं पान आहे. सॉफ्टवेअर अपडेट झालं की ही पानं इकडची तिकडे होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘बॅटरी’ लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते बंद करता येत नाही आणि सगळ्यात जास्त भारही तेच टाकतं. पण भार निरोपांचा नाही. निरोप येतात ते गूगलच्या एकाच सामायिक वाटेने, त्यासाठी प्रत्येक अ‍ॅपला जागं राहावं लागत नाही. भार आहे फोटो आणि व्हिडिओंचा. गावाचा ग्रुप, नातेवाइकांचा, बियाणं-खताच्या दुकानाचा, बचत गटाचा, शाळेचा, आणि प्रत्येकात सकाळी पाच वाजल्यापासून फुलांची चित्रं. ती सगळी कमजोर रेंजवर आपोआप उतरत राहतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा, मोबाइल डेटावर आपोआप काय उतरवायचं तिथल्या सगळ्या खुणा काढा. जे पाहायचं त्यावर बोट ठेवलं की ते तेव्हा उतरेल. आणि ‘चॅट्स’मध्ये चॅट बॅकअप पाहा. व्हॉट्सअ‍ॅप रात्री दोनच्या सुमाराला फोनमध्ये बॅकअप घेतं, आणि तो गूगलवर रोज मोबाइल डेटाने चढवायला सांगितलेला असेल, तर शेकडो एमबीचा माल तुमच्या धुऱ्यावरून दूरच्या टॉवरकडे ढकलला जातो. तुमचा फोन नेमका मध्यरात्रीनंतर मरतो, त्यात याचा हात असू शकतो. हे मोबाइल डेटावर बंद करा, आणि बाजाराच्या दिवशी चांगल्या रेंजमध्ये आठवड्यातून एकदा हाताने बॅकअप घ्या. गूगल फोटोजच्या बॅकअपलाही हाच नियम, आणि प्ले स्टोअरच्या आपोआप अपडेटलाही.

लोकेशन हा दुसरा खाऊ. परवानग्यांमध्ये लोकेशन उघडा, ‘नेहमी’ अशी परवानगी किती जणांना आहे ते पाहा आणि बहुतेकांना ‘अ‍ॅप वापरताना फक्त’ करा. ई-पीक पाहणीसारख्या अ‍ॅपला एवढंच पुरतं. ते पाहणी करताना जीपीएस, कॅमेरा आणि उन्हामुळे पूर्ण उजळलेला पडदा तिन्ही एकदम चालवतं, म्हणून पाहणीच्या दिवशी फोन भरून न्या आणि काम झालं की अ‍ॅपमधून बाहेर या. बॅटरीच्या यादीत ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ वर दिसली तर तिला हात लावू नका. बहुतेक वेळा दुसरंच एखादं अ‍ॅप तिच्याकडून लोकेशन मागत असतं, त्याची परवानगी काढली की तीही खाली येते.

आता कोणती अ‍ॅप्स बंद करायची नाहीत ते. भाऊ, हा भाग मला बॅटरीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. सगळं बंद करत सुटलेल्या फोनमध्ये मी ‘दामिनी’ मेलेलं पाहिलंय आणि मला त्याची फार काळजी वाटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं हे अ‍ॅप तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर इशारा देतं. आपल्याकडे दर वर्षी मृगाच्या आधीपासून वावरात वीज पडून माणसं आणि बैल दगावतात. या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ द्या आणि बॅटरीत ‘अनरिस्ट्रिक्टेड’ ठेवा. फोनचा बॅटरी सेव्हर लावला की पडदा बंद असताना लोकेशन थांबू शकतं, म्हणून आभाळ भरून आलं असेल तेव्हा बॅटरी सेव्हर काढा आणि डेटा चालू ठेवा. दोन-चार टक्के जास्त गेले तर जाऊ द्या. आणि कडकडाट कानावर आला तर इशाऱ्याची वाट न पाहता झाडाखालच्या मचाणावरून उतरून पक्क्या घरात जा.

मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायचं अ‍ॅप असेल तर तेही अनरिस्ट्रिक्टेड ठेवा, नाहीतर थ्री फेज लाईन आल्याचा निरोप सकाळी कळेल. घड्याळ, फोन आणि मेसेज यांना हात लावू नका. कापूस विक्रीच्या नोंदणीचं कपास किसान, बँक, यूपीआय यांना मागे चालायची गरज नाही, लागेल तेव्हा उघडा. बँकेचा एसएमएस मेसेजमध्ये येतोच.

एक प्रसंग सांगतो, कारण तसं तुमच्याकडे असेल तर वरचे सगळे उपाय वाया जातील. मागच्या उन्हाळ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. म्हणाले, “माहा फोन खिशातच तापते बाप्पा, हात बी लावला नाही तरी.” तीन रात्रींच्या परीक्षेची गरजच पडली नाही, टेबलावर ठेवलेला फोन गरम होत होता. अ‍ॅप्सची पूर्ण यादी काढली तर पीएम किसानच्या नावाचं एक अ‍ॅप होतं, पण पडद्यावर त्याचं चिन्ह नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल, त्यांच्या नातवाने टाकली होती. त्या अ‍ॅपकडे एसएमएस वाचायची परवानगी होती आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीचीही, म्हणजे पडद्यावरचं सगळं ते पाहू शकत होतं. काढायला गेलं की पान आपोआप मागे जायचं. फोन सेफ मोडमध्ये चालू केला, त्यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स उठत नाहीत, मग परवानग्या काढून ते उडवलं. सिम आधीच काढून साध्या फोनमध्ये टाकलं होतं, आणि त्यांना तडक बँकेत पाठवलं. पैसे वाचले होते. न वापरता फोन तापत असेल आणि यादीत अनोळखी किंवा बिनचिन्हाचं अ‍ॅप दिसत असेल तर आधी डेटा बंद करा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० वर फोन लावा. सरकारी योजनेचं अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमधून कधीच टाकू नका.

बॅटरी बदलायची का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. लिथियम बॅटरी साधारण ५०० ते १००० पूर्ण चार्जांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. तुम्ही दोन वर्षं रोज एकदा पूर्ण भरत असाल तर सातशेच्या वर गेलात. शिवाय आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि फोन टिनाच्या छपराखाली चार्जिंगला लावलेला असतो. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्याच नसतात. त्या गर्मीने जी क्षमता जाते ती परत येत नाही. दुपारी चार्ज करावाच लागला तर माठाजवळच्या गार कोपऱ्यात, कव्हर काढून, आणि त्या वेळी फोन न वापरता करा. ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा गाडीच्या डिकीत फोन ठेवू नका. चोर अ‍ॅप्स काढूनही एअरप्लेन मोडच्या रात्री पंधरा-वीस टक्के जात असतील, किंवा तीस टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडत असेल, तर बॅटरी बदला. फोनची पाठ फुगलेली दिसली तर परीक्षेची वाट पाहू नका. चार्जिंग त्याच दिवशी थांबवा आणि फोन दुकानात न्या. यातलं काहीच नसेल तर तुमची बॅटरी अजून वर्षभर चालेल आणि नव्या फोनचे पैसे तुरीच्या फवारणीला कामी येतील.

आणि तोवर जागलीसाठी असं करा. निघताना दुसरं सिम बंद. आभाळ स्वच्छ असेल तर डेटा बंद. पडद्याचा उजेड सगळ्यात खाली. फोनची टॉर्च वापरू नका, डोक्याला बांधायची वेगळी टॉर्च घ्या, कारण फोनचा दिवा तास-दीड तास जळला तर त्याने खाल्लेलं कोणतंही सेटिंग भरून काढत नाही. फोन मचाणावर एका जागी टांगून ठेवा, हलत नसला की तो गाढ झोपतो आणि कॉल आला तर तरीही वाजतो. १०००० एमएएचची पॉवर बँक असेल तर ५००० चा फोन त्यातून साधारण दीड वेळा भरतो, पूर्ण दोनदा नाही, काही वीज मधेच वाया जाते. जुना बटणांचा फोन घरी पडून असेल तर रेंज असलेलं एक सिम त्यात टाकून सोबत न्या, तो आठवडाभर उतरत नाही. जिओचं सिम मात्र फोरजी असलेल्या बटणाच्या फोनमध्येच चालेल. आणि घरच्यांना सांगून ठेवा की ११२ हा नंबर आपल्या सिमला रेंज नसली तरी आसपास दुसऱ्या कंपनीचा टॉवर असला तर त्यावरून लागतो, फक्त फोन चालू पाहिजे.

तीन रात्रींचे आकडे कागदावर लिहून बाजाराच्या दिवशी फोनसोबत घेऊन या, बाकीचं आपण दुकानात बसून पाहू.